चंद्रावरच्या मेंगड्याचं सुतक

निरगुडसरच्या ऋषी मेंगडेनं घरच्यांना चांगली मालिका दाखवायचं ठरवलं, आणि रविवारवर आलेला स्वतःचा साखरपुडा स्वतःच्या हातानं अडचणीत आणला.

बिबट्याच्या भीतीनं तिकडे दिवेलागणीलाच दारांना कड्या लागतात. मग माणसं करणार काय? टीव्ही बघणार. रोजच्या सासू-सुनांच्या भांडणांना वैतागून ऋषीनं इंटरनेटवरची एक हिंदी मालिका लावून दिली. तिच्यात इतिहासच वेगळा घडलेला. सत्तरच्या दशकात चंद्रावर पहिला माणूस आपल्या देशानं उतरवलेला, आणि तिथं चक्क तळ ठोकलेला. "हे असं झालेलं नाही. झालं असतं तर काय, एवढंच दाखवलंय," असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. घरच्यांनी आणि बघायला येऊन बसणाऱ्या शेजारच्या भावकीनं, सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे माना फार छान डोलावतात.

घोटाळा आडनावानं केला. मालिका लिहिणाऱ्याला अख्ख्या महाराष्ट्रात दुसरं आडनाव सापडलं नाही. त्यानं चंद्रावर पाठवला तो कॅप्टन माधव मेंगडे, जिल्हा पुणे. गुरुवारी संध्याकाळी हा कॅप्टन बिघडलेला ऑक्सिजनचा पंप दुरुस्त करायला एकटाच तळाबाहेर पडला, नळी तुटली, पडदा काळा झाला आणि भाग संपला.

ऋषीची आई कुशाबाई उठली. देव्हाऱ्यातला दिवा तिनं शांत केला आणि साखरपुड्याच्या साड्यांची पिशवी कपाटात ढकलली.

"सुतक आलं," ती म्हणाली.

"आई, अगं मालिका आहे ती!"

"आडनाव काय त्याचं?"

"मेंगडे. पण..."

"जिल्हा?"

"पुणे. पण अगं, तो नट दिल्लीचा आहे!"

"नटाचं सुतक कोण धरतंय? मी मेंगड्याचं धरतेय."

ऋषीनं आशेनं वडिलांकडे पाहिलं. दादाभाऊ डोळे पुसत होते. तारीख हलवणं परवडणारं नव्हतं. साखरपुडा आधीच एकदा पुढे गेला होता, तोही खऱ्याखुऱ्या सुतकामुळे. त्यावर येडगावच्या सुदर्शनरावांनी, म्हणजे नवरी इंद्रायणीच्या वडिलांनी, स्पष्ट सांगून ठेवलं होतं, "आता तारीख हालली तर सोयरीक मोडली. आमच्या दारात दुसरं पावणं उभं हायेत." आणि ऋषीला इंद्रायणी मनापासून आवडली होती. तिच्या फोनची वाट बघण्यात त्याचे दिवस चालले होते.

शुक्रवारी सकाळी चांगदेवतात्यांना बोलावणं गेलं. भावकीत सुतकाचा निवाडा तात्यांचा. ऋषीनं त्यांना दारातच गाठलं.

"तात्या, समजा खरं धरलं, तरी त्याला पन्नास वर्षं झाली! आता कसलं सुतक?"

"आपल्याला कळलं कधी?"

"काल."

"मंग कालपासून. आमी पण बघितलं की. लई वाईट झालं." तात्या खाटेवर टेकले. "पण ऋषी, तूच म्हणला व्हतास, चंद्रावरचा एक दिवस आपल्या म्हैन्याएवढा असतो?"

"हो, साधारण..."

"मंग दहा दिवसाचं सुतक किती झालं?"

दादाभाऊंनी बोटं मोजली. "दहा म्हैनं!"

आपण शिकलो याचा ऋषीला त्या क्षणी मनापासून पश्चात्ताप झाला.

दुपारपासून माणसं भेटायला येऊ लागली. रिवाजाप्रमाणे येताना पिठलं-भाकरी आणत होती, कारण सुतकाच्या घरात चूल पेटवायची नसते. जो येई तो आधी हळहळे आणि मग मालिकेवर मत देई. भावकीतला सुनील म्हणाला, "एकट्यानं जायचंच नव्हतं राव. मोटार बिघडली तर आपणसुद्धा जोडीला माणूस नेतो." दुसऱ्यानं सांगितलं की चंद्र दाखवला तो मढ गावाच्या वरचा माळ आहे, त्यानं स्वतः तिथं शेळ्या चारल्यात. शेजारच्या सरूबाईला तळावर सोबत राहणारी कॅप्टनची बायको पसंत नव्हती. "नवरा भायेर मरतोय तरी लिपस्टिक हाय तशी!" त्यावरून बायकांत जुंपली. ऋषी प्रत्येकाला "असं झालेलंच नाही" म्हणून सांगत होता, आणि प्रत्येक जण त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणत होता, "पयल्यांदा असंच वाटतं."

संध्याकाळी दादाभाऊंनी चपला घातल्या. "येडगावला जाऊन सांगून येतो. फोनवर सांगणं बरं दिसत न्हाई."

ऋषीनं दार अडवलं.

"तो जिवंत आहे!" तो ओरडला.

कुशाबाईनं विचारलं, "तुला काय ठावं?"

"मी पुढचे सगळे भाग बघितलेत. वाचतो तो. येतो माघारी. सुखरूप!"

ऋषीनं पुढचा एक भागही बघितला नव्हता.

"मी म्हणतच व्हतो," चांगदेवतात्या तात्काळ फिरले, "बॉडी दावली न्हाई. बॉडी दावल्याशिवाय सुतक धरायचंच नसतं!"

कुशाबाईनं पदरानं डोळे टिपले आणि दिवा लावला. साड्या कपाटातून बाहेर आल्या. ऋषीनं सगळ्यांची नजर चुकवून घरातलं इंटरनेट बंद केलं. रविवारपर्यंत निरगुडसरला रेंज नाही, असं जाहीर झालं.

रविवारी येडगावला मंडप भरला. साखरपुडा म्हटलं की भाषणं आलीच. चांगदेवतात्यांनी माईक हातात घेतला तो सोडेनात. "आमच्या भावकीतले कॅप्टन माधवराव मेंगडे मोठ्या संकटातून वाचलेले हायेत. ते आज इथं येऊ शकले न्हाईत, त्यांच्या वतीनं मी वधूवरांना आशीर्वाद देतो." मंडपानं टाळ्या वाजवल्या. सुदर्शनरावांनीही वाजवल्या, तेव्हा कुठे ऋषीचा जीव भांड्यात पडला.

त्यानं अंगठी काढली. इंद्रायणीनं हात पुढे केला आणि मान खाली घालून, ओठ न हलवता म्हणाली, "वाचला म्हणून तुम्हीच सांगितलं का?"

"हो. का?"

"मी काल शेवटपर्यंत बघितलं. न्हाई वाचत तो."

ऋषीनं चोरून मंडपाकडे पाहिलं. "घरी कुणाला बोललीस?"

"मी काय येडी हाय? अंगठी घाला आधी."

ऋषीनं अंगठी घातली. कागदी फुलांच्या तोफा सुटल्या, बायकांनी साखर वाटायला घेतली, फोटोवाला "इकडं बघा, इकडं बघा" करू लागला. असा माणूस कधी झालाच नाही, हे दोन दिवस घसा फोडून सांगणारा तो आता इंद्रायणीकडे झुकला.

"खरंच गेला?" त्यानं हळूच विचारलं.

"बायकोच्या वाटणीचा ऑक्सिजन शिल्लक ठेवून गेला," इंद्रायणी म्हणाली. तिनं पदराच्या टोकानं नाक पुसलं.

मग मात्र ऋषीला आवरेना. भर मंडपात, फेटा बांधलेल्या नवरदेवाच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहू लागलं.

कुशाबाईनं विहीणबाईंना कोपरानं ढोसलं. "बघा," ती कौतुकानं म्हणाली, "आमच्या पोराला आनंद मावंना झालाय."