ग्रॅमसरांच्या घरचं शून्य

ग्रॅमसरांनी विभागाच्या प्रमुखबाईंपुढे छाती ठोकून सांगितलं होतं, "तीस घरांच्या पाहणीत पहिलं घर माझं धरा. आमच्याकडे अन्नाचा कण वाया जात नाही!" सर विद्यापीठात अन्नव्यवस्था आणि सार्वजनिक आरोग्य शिकवत. दिसेल ते वजनकाट्यावर ठेवायची खोड, म्हणून विद्यार्थ्यांनी त्यांना हे नाव ठेवलेलं. सरांना ते मनातून आवडायचं.

महिनाभर प्रत्येक घराने रोज टाकून दिलेलं अन्न तोलून तक्त्यात लिहायचं, शिवाय पहिल्या आणि शेवटच्या दिवशी घरातल्या माणसांचं वजन करायचं, असं ठरलं. पहिल्या आठवड्याचे आकडे सरांनी पाहिले. सगळ्यात जास्त नासाडी त्यांच्याच घरची!

घरी येऊन त्यांनी बायकोला जाब विचारला. तिने नुसतं फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. 'केवळ उरलंय म्हणून भूक नसताना खाऊ नये.' खाली सरांचीच सही. पाहणी सुरू झाली त्याच दिवशी तुम्ही हा चिकटवलात, तेव्हापासून मी उरलेलं खात नाही, असं तिने सांगितलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

"अगं, पण माझी अब्रू!" सर काकुळतीला आले. "बाईंना काय तोंड दाखवू?"

"एवढंच ना? उद्यापासून शून्य करते."

आणि खरंच केलं. दुसऱ्या दिवसापासून कचऱ्याचा डबा धुतल्यासारखा लख्ख! बायको तर इतक्या मायेने वाढायला लागली की नाही म्हणणं सरांच्या जिवावर येई. घासभरच म्हणत भाताचा डोंगर यायचा, भाजीखालून कालची भाजी निघायची, लेकीने अर्धवट टाकलेला पाव सूपमध्ये बुडी मारून वर यायचा. सर तक्त्यात शून्य लिहायचे आणि पँटचं बटण सैल करायचे. पंधरा वर्षांच्या संसारात एवढे लाड कधी झाले नव्हते, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

शेवटच्या दिवशी हे नवल बघायला प्रमुखबाई स्वतः घरी आल्या. त्यांच्या सहायकाने काटा मांडला. लेक जशीच्या तशी. बायको दीड किलोने कमी. मग सर चढले. साडेचार किलो जास्त! काटा बिघडला असेल म्हणून सहायकाने तो दोनदा उलटासुलटा करून पाहिला.

"मग उरलेलं अन्न गेलं कुठे?" बाईंनी विचारलं.

"हे काय, काट्यावर उभं आहे," लेक म्हणाली.

सगळे हसले, सरही हसले. बायको मात्र सरबताचे पेले ठेवता ठेवता म्हणाली, "इतकी वर्षं तो उरल्यासुरल्याचा डबा मी होते. माझं वजन वाढलं की हे मला चालायला जा म्हणायचे."

सरांना अगदी मनापासून लाज वाटली. त्यांनी फ्रिजवरचा कागद स्वतः काढला आणि बाईंच्या देखत तक्त्यात नवा रकाना आखला: उरलेलं कोण खातं? बाई म्हणाल्या, महिन्याभरात कामाचं असं हेच निघालं.

त्या दुपारी पातेल्यात डावभर भात उरला. सरांनी काटा आणला, तीन वाट्या मांडल्या आणि ग्रॅमला ग्रॅम जुळवून तिघांत वाटून टाकला. चार ग्रॅम शिल्लक राहिले. सरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि ते गुपचूप तोंडात टाकले.