बारा स्वरांची भिशी

उत्तराताईंच्या हॉलमध्ये बारा बायका बसल्या होत्या, प्रत्येकीपुढे पाणी घातलेली एक चिनी मातीची वाटी होती, आणि आवाज नको म्हणून ऐन एप्रिलात पंखा बंद होता. पाच वाजेपर्यंत एक मिनिटाचं संगीत पाठवायचं होतं. घड्याळात साडेतीन झाले होते.

पंचवटीतल्या भजनी मंडळात उत्तराताई सत्तावीस वर्षं पेटी वाजवत होत्या. चाल दुसऱ्याची, गाणारी दुसरी, शाल आणि नारळही तिलाच. ताईंनी साथ करायची आणि पेटी रिक्षात चढवायची. साठीला टेकल्यावर त्यांना वाटलं, आपलं स्वतःचं असं काहीतरी असावं. आता यात हसण्यासारखं काय आहे? त्यांनी संगीतरचनेचा ऑनलाइन वर्ग लावला. तिथल्या देवव्रत सरांनी, म्हणजे ताईंच्या धाकट्या मुलाहून लहान असलेल्या माणसाने, शेवटची परीक्षा भलतीच दिली. सप्तकातले बाराही स्वर एका रांगेत लावायचे. बाराही वाजून झाल्याशिवाय कुठलाही स्वर पुन्हा घ्यायचा नाही. मग तीच रांग उलटी वाजवायची. ताईंनी पंधरा दिवस खपून रांग लावली होती. आता मंडळातल्या प्रत्येक बाईने दर फेरीत तिच्या नंबराला आपल्या वाटीवर एकदाच काठी मारायची, की झालं.

"म्हणजे राग कोणता?" कमळाबाईंनी विचारलं.

"राग नाही. भिशी समजा. सगळ्यांचा नंबर लागल्याशिवाय कुणालाही दुसऱ्यांदा नाही."

हे मात्र सगळ्यांना एका क्षणात पटलं. इतकं पटलं, की तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

"मग चिठ्ठ्या टाका ना," लंकाबाई म्हणाल्या. "तुम्हीच नंबर ठरवणार, हे काय बरोबर नाय."

"अहो, नंबर ठरवणं हीच तर माझी चाल आहे."

"मला आधीचा द्या," कमळाबाई म्हणाल्या. "पावणेपाचला नातवाची बस येते."

"आख्खं गाणं एका मिनिटाचं आहे, कमळाबाई."

"तरी पण."

समजूत घालण्यात अर्धा तास गेला. तेवढ्यात सरांचा फोन आला म्हणून ताई गॅलरीत गेल्या. परत आल्या तेव्हा सिंधुबाई तांब्या घेऊन वाट्यांवरून फिरत होत्या.

"कुणाला काठोकाठ, कुणाला तळाशी. असं कुठे असतं का? मी सगळ्यांना सारखं करून टाकलं."

पाणी कमी-जास्त होतं म्हणून तर स्वर वेगळे होते. सकाळपासून पेटी घेऊन एकेक वाटी ताईंनी चमच्याने जुळवली होती. आता बाराही वाट्यांतून जवळजवळ एकच ठण्ण येत होतं आणि ते काही कामाचं नव्हतं. रडू आलं त्यांना, खरंच आलं. सिंधुबाईंचा चेहरा एवढासा झाला. मग त्या स्वतःच पेटीशी बसल्या, ताई सूर देतील तसं चमच्याने पाणी काढू-घालू लागल्या, आणि कुणी बोललं की तिच्याकडे डोळे वटारू लागल्या.

वाट्या जुळल्या तेव्हा चार पस्तीस झाले होते. कमळाबाई पायात चपला घालूनच बसल्या. एकदाच वाजवता येणार होतं. ताईंनी मोबाइल सुरू केला आणि बोट उचललं.

एक, दोन, तीन. कुणी चुकलं नाही. ताईंना वाटलं, हे मी केलंय. बारावा नंबर लंकाबाईंचा होता. त्यांनी नेटकी काठी मारली. उलटी फेरीही त्यांच्यापासूनच सुरू व्हायची होती, आणि तिथे लंकाबाई थबकल्या.

लागोपाठ दोनदा आपणच घ्यायचं? त्यांच्या मनाला ते पटेना. त्यांनी गुपचूप काठी ताईंपुढे धरली. ताईंनी जोरात मान हलवली. लंकाबाईंनी काठी मागे घेतली नाही. बाराही बायका ताईंकडे बघत होत्या. तुमचा नंबर राहिलाय, असं प्रत्येकीच्या तोंडावर लिहिलं होतं.

ताईंनी काठी घेतली, जवळच्या वाटीवर मारली आणि परत दिली. मग उलटी फेरी कशी सुरळीत पार पडली.

कमळाबाई बसकडे पळाल्या. ताईंनी रेकॉर्डिंग पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी सरांचा मेसेज आला. दहापैकी सात. 'रांग अचूक आहे, फक्त मधे एक स्वर जास्त पडलाय. तेवढा कापून पाठवा, पूर्ण मार्क देतो.'

ताईंनी तो तुकडा चार वेळा ऐकला. मग उत्तर लिहिलं, 'तो स्वर माझा आहे. सातच राहू द्या.'

संध्याकाळी भजनाला बायका वाटच बघत होत्या. ताईंनी मार्क सांगितले.

"तीन मार्क कुणामुळे गेले?" लंकाबाईंनी विचारलं.

"माझ्यामुळे," ताई म्हणाल्या. एवढ्या खुशीत चूक कबूल करणारी बाई मंडळाने अजून पाहिली नव्हती.

सिंधुबाईंना मात्र वाईट वाटलं. ताईंच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "होतं असं, ताई. पहिल्यांदाच वाजवलं ना तुम्ही."

"हो," उत्तराताई म्हणाल्या. "पहिल्यांदाच."