हजेरीपटावरचा सोळावा

एक गोष्ट मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो. माझ्या प्रौढ साक्षरता वर्गात जो बसला, त्याचं अक्षर हुबेहूब माझ्यासारखं होतंच!

मी पेशानं सुलेखनकार. पाट्या, मानपत्रं, पुस्तकांची मुखपृष्ठं. माझं अक्षर बघताना लोक मजकूर वाचायचा विसरतात. एका डॉक्टरांची पाटी मी रंगवली, तर पेशंट अवेळी यायला लागले आणि पाटीचे फोटो काढून परत जायला लागले! असा माणूस संध्याकाळी पंधरा प्रौढांना शिकवायला बसला, तर त्यांच्या हाती बॉलपेन देईल? छे! पहिल्या दिवसापासून बोरू. तिरका तासलेला, दौतीत बुडवलेला. हजेरीसुद्धा ज्यानं त्यानं आपलं नाव बोरूनंच लिहून लावायची.

सहा महिन्यांत हजेरीपट असा झाला, की काच लावून भिंतीवर टांगावा.

तो तपासनीस साहेबांनी उघडला. भर दुपारी, न कळवता. मी एकटाच फळा पुसत होतो.

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "नावं पंधरा. अक्षर एक."

"धन्यवाद!" मी म्हणालो.

"कौतुक नाही करत मी! हे सगळं तुम्हीच लिहिलंय. विद्यार्थी नाहीतच. वर्ग आजपासून बंद!"

माझ्या शिकवण्याला याहून मोठी पावती आजवर मिळाली नव्हती, आणि नेमकी तीच माझा वर्ग बुडवायला निघाली होती. पायांना जागा पुरेना. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून फळ्यापर्यंत माझ्या येरझाऱ्या सुरू झाल्या.

"अर्धा तास द्या साहेब. माणसं हजर करतो!"

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मी फोनवर फोन लावले. तिघांनी उचलला आणि धावत आले. शिलाईवाल्या मावशी, गळ्यात टेप तशीच. प्लंबरदादा, हातात पाना. आणि पहारेकरी काका, म्हणजे तेवढा वेळ एक अख्खी इमारत वाऱ्यावर होती.

"नाव लिहा," म्हणत साहेबांनी खिशातलं बॉलपेन पुढे केलं.

मावशींनी ते उलटसुलट करून पाहिलं. "याचं टोक कुठंय?"

"हे काय, हेच."

"हे तर गोल आहे! आणि बुडवायचं कशात?"

"सर, बोरू काढा ना," प्लंबरदादा कुजबुजले.

बोरू कपाटात. कपाटाला कुलूप. किल्ली? सगळे खिसे दोनदा चाचपले आणि घरी बायकोला फोन लावला.

"आणते," ती म्हणाली. "आज काय काय विसरलात ते विचारत नाही. न विसरलेलं काही असेल तर तेवढं सांगा!"

इकडे प्लंबरदादांनी पाना आवळावा तसं पेन आवळलं आणि कागदाला भोक पाडलं. पहारेकरी काकांच्या नावावर जणू मुंग्यांची मिरवणूक निघाली. मावशींनी तर पेन खालीच ठेवलं.

"साहेब, वर्ग बंद करू नका हो. लेकीला पत्र लिहितेय. जन्मातलं पहिलं. निम्मं झालंय."

"उरलेलं शेजारणीकडून लिहून घ्या."

"कसं घेऊ? उरलेलं तिच्याबद्दलच आहे!"

साहेब हसले नाहीत. "गुरुजी, लेखी खुलासा द्या. आत्ता, माझ्यासमोर." आणि तेच बॉलपेन माझ्या हातात!

आता लपवून उपयोग नाही. बॉलपेन मी चारचौघांत कधीच धरत नाही, त्याला कारण आहे. घाम पुसत मी तीन ओळी लिहिल्या. साहेबांनी कागद सरळ धरला, उलटा धरला, उजेडात धरला.

"ही कुठली लिपी?"

तेवढ्यात बायको किल्ली घेऊन दारात. तिनं कागदावर नजर टाकली.

"साहेब, वाचायच्या भानगडीत पडू नका. लग्न ठरल्यावर यांनी पाठवलेली पत्रं मला अजून लागलेली नाहीत. चांगलंच लिहिलं असेल, या भरवशावर बोहल्यावर उभी राहिले!"

कपाट उघडलं. तीन बोरू दौतीत बुडाले आणि तीन नावं कागदावर अशी उमटली, जणू एकाच हातानं काढलीत. साहेबांनी ती नावं पाहिली. मग माझा खुलासा पाहिला. मग बराच वेळ मला पाहिलं.

"विद्यार्थी खरे आहेत," ते म्हणाले. "शिक्षकाबद्दल शंका आहे."

शेरा पडला: 'वर्ग चालू ठेवावा. बॉलपेनचा सराव सुरू करावा. शिक्षकांनी त्यात विद्यार्थी म्हणून बसावे.'

मावशींचं पत्र पूर्ण होऊन गेलं. आठवड्यात लेकीचं उत्तर आलं: 'आई, अक्षर फार सुरेख. कुणाकडून लिहून घेतलंस?'

तेव्हापासून मावशी इरेला पेटून बॉलपेन गिरवताहेत. "वाकडं का असेना, माझं दिसलं पाहिजे," म्हणतात. मी त्यांच्याच बाकावर बसतो. "सर, एवढं दाबू नका, अलगद धरा," असं त्या मला अधूनमधून शिकवतात.

बॉलपेनच्या हजेरीपटावर आता सोळा नावं असतात. मी एकही दिवस चुकवलेला नाही. पण सोळावं नाव साहेबांना वाचता येत नाही. ते दर महिन्याला माझ्या नावापुढे 'गैरहजर' लिहून जातात!