बिनसाखरेच्या साटाची मोहीम, मुक्काम बोरखेडी

॥ श्री ॥

बखर म्हटली म्हणजे कोणी धन्याने आज्ञा करावी आणि सेवकाने हात जोडून लिहावी, असा रिवाज आहे. या बखरीस धनी नाही. जे आज्ञा करीत होते ते सगळे कैलासवासी जाहले, आणि म्हणोनच आता खरे लिहावयास हरकत उरली नाही. तलवारीच्या बखरी पुष्कळ आहेत, परातीची एकही नाही. सबब शके अठराशे पासष्ट, सुभानुनाम संवत्सरी, मौजे बोरखेडी, तालुके कळमनुरी, येथे साखरेच्या एका दाण्यावाचून आंबा राखण्याची जी मोहीम जाहली, ती काही डोळ्यांनी पाहिली, काही भिंतीआडून ऐकली, तैशी येथे नमूद केली असे.

ते समयी दूर मुलखी बादशहा बादशहांत युद्ध पेटले होते. त्याचा धूर बोरखेडीस दिसत नव्हता, परंतु साखर कंट्रोलात गेली आणि रेशनाच्या कार्डावर जी मिळे ती पाहुण्याच्या चहासदेखील पुरेना. मौजेची सत्ता राजमान्य राजेश्री तातेराव पाटील यांचे हाती होती. पाटील देहाने अवजड, मिशीने अजिंक्य, आणि आंबट पदार्थाचे हाडवैरी. त्यांचे तीन प्रहर ओसरीवरील बाजेवर जात आणि चौथा प्रहर बाज सावलीस सरकवण्याचे हुकूम देण्यात जाई.

पाटलांचे मळ्याचे बांधावर एक आंब्याचे झाड होते. ते त्यांच्या सूनबाई अनुसयाबाई यांनी लाविले होते. बाई कुरुंद्याच्या लेकी. लग्नानंतर पहिल्या वर्षी माहेराहून निघताना त्यांच्या आईने पदरात एक आंबा बांधून दिला, आणि पुढे चार महिन्यांत आई गेली, आणि मग त्या आंब्याची कोय बाईंनी बांधावर पुरली, आणि सोळा वर्षे डोईवरच्या घागरीतले पाणी तिला पाजिले. बाईंचे यजमान ग्यानबाराव या बखरीत पुन्हा येणार नाहीत, कारण ते हयातीत कशातच आले नाहीत.

झाड फळास आले खरे, परंतु फळ असे आंबट की पाटलांनी एकदा चाखोन दोन दिवस पान खाणे सोडिले. गावाने त्यास खट्ट्या म्हणोन नाव ठेविले. त्यात हिंगोलीचे लाकडाचे ठेकेदार पुनमचंद शेट यांस लष्करी खोक्यांकरिता आंब्याच्या फळ्या हव्या होत्या. त्यांनी झाड पाहिले, बुंध्यास मिठी मारोन जाडी अजमाविली, आणि पाटलांनी बाजेवरूनच फर्मान सोडिले की पुढील संक्रांत सरली की करवत लावावी.

हे वर्तमान चुलीपर्यंत पोहोचले तेव्हा अनुसयाबाई भाकरी थापीत होत्या. तव्यावरची भाकरी करपली. त्या घरात येऊन सोळा वर्षांत सासऱ्याशी एक शब्द समोरासमोर बोलल्या नव्हत्या, तसा दस्तूरच नव्हता. मग त्यांनी सासूबाई पार्वतीबाई यांजकडे मसलत मांडिली. म्हणणे असे की आत्याबाई, कुरुंद्याचे मूळ झाड मागास, उशिरा पिकणारे आहे, रोहिणी नक्षत्र निघाल्यावाचून त्यास पाड लागत नाही, फळ पिकू लागत नाही. आपल्या घरी दरसाल आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पितरांस आंबा हवा म्हणोन सगळे झाड महिनाभर आधी कच्चे झोडपतात, आणि मग म्हणतात झाड आंबट. यंदा फळास कोणी हात लावू नये. ते झाडावर पाडास आले म्हणजे मी त्याचे साट करीन. साखर लागणार नाही, आणि संक्रांतीपर्यंत टिकेल.

साट म्हणजे आंब्याचा रस परातीत पातळ पसरोन, उन्हात वाळवोन, थरावर थर चढवोन केलेली पोळी. त्यात रसास बरोबरीने साखर घालावी हा पार्वतीबाईंचे सासूचा कायदा होता, आणि साखरेवाचून साट म्हणजे नवरदेवावाचून वरात, असे म्हणोन त्या पोट धरून हसल्या. परंतु हसता हसता त्यांनी सुनेचे तोंड पाहिले, आणि मग रात्रीच्या जेवणी पाटलांचे ताटाशी वकिली करावयास त्याच बसल्या.

पाटलांनी दुसरी भाकरी संपेतो ऐकिले आणि हुकूम सादर केला. तो शब्दशः येणेप्रमाणे. "साखर न्हाई. गूळबी न्हाई. अन् संक्रांतीला चांगलं ऱ्हायलं न्हाई, न्हाईतर माझ्या जिभंला आंबट लागलं, तर करवत. मंग कोणी रडून राहिलं तर मी ऐकणार न्हाई." पितरांकरिता त्या सालापुरते बाळापूरचे बाजारचे आंबे मंजूर जाहले. पितरांनी कुरकूर केल्याची नोंद कोठे नाही.

मग मोहीम सुरू जाहली. झाडाच्या चौकीस मसाजी धनगर नेमिला. तो तसाही बांधाखाली शेरडे चारीत असे. आखाजी आली आणि गेली, आणि बोरखेडीच्या इतिहासात प्रथमच खट्ट्यावर काठी पडली नाही. वानरांच्या टोळीने दोन स्वाऱ्या केल्या, त्या मसाजीने गोफणीने परतविल्या. रोहिणी निघाल्यावर दुसरे दिवशी पहाटे एक फळ आपोआप गळोन पडिले. मसाजीने ते उचलोन हुंगिले आणि शेरडे तशीच टाकोन वाड्याकडे धावत आला. पाड लागला होता.

फळे झेल्याने, काठीस बांधिलेल्या जाळीने, एकेक उतरविली, एकही भुईस आपटू दिले नाही, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत वाळल्या गवताची अढी घालोन त्यात निजविली. चौथे दिवशी खोलीचे दार उघडिले तो वासाने अवघी आळी दारात जमा जाहली. पार्वतीबाईंनी एक फळ पिळोन बोट चाटिले, आणि लागलेच दुसरे फळ पिळिले.

आता मृग आठ दिवसांवर आला होता आणि साटास तर सात दिवसांचे कडक ऊन हवे. सबब तातडीने कल्हईच्या पराती काढोन त्यांस तुपाचे बोट फिरविले, आणि धाब्यावर, घराच्या मातीच्या सपाट छतावर, चढविल्या. मुंग्यांच्या फौजा दुपारपर्यंत भिंतीवरून वर आल्या. त्यांस खंदक पाहिजे. मग पाटलांची खासा बाज जप्त करोन धाब्यावर नेली, तिचे चारी पाय पाण्याच्या वाडग्यांत उभे केले, आणि पराती त्या बाजेवर मांडिल्या. पाटील सात दिवस ओसरीवर घोंगडीवर लोळले. या मोहिमेत त्यांनी प्रत्यक्ष सोसलेले ते एवढेच, परंतु पुढे ते सांगताना युद्धातील जखम दाखवावी तैसे कंबर दाखवीत.

सासू सुना ऊन डोईवर घेऊन बसल्या. एक थर वाळला की दुसरा, मग तिसरा. एकदा पश्चिमेस ढग जमला, तेव्हा सगळ्या पराती जिन्याने खाली आणिल्या, आणि ढग नुसता तोंड दाखवोन निघोन गेला, आणि मग सगळ्या पुन्हा वर नेल्या. पार्वतीबाईंचा गुडघा तेव्हा जो सुजला तो पुढे उतरलाच नाही. सात थर जाहले. साट सोलोन काढिले तेव्हा ते मधासारखे तांबूस आणि चामड्यासारखे चिवट होते. गुंडाळ्या करोन पत्र्याच्या डब्यात भरिल्या, तोंडास फडके बांधिले, आणि डबा माजघरात आढ्यास टांगिला.

येथवर शत्रू बाहेरचे होते. पुढील दगा घरातून जाहला.

भाद्रपदापासून बाया दुपारी शेतात निंदणीस आणि मग कापूस वेचावयास जात. घरी पाटील एकटे. एके दिवशी मसाजी ताक मागावयास आला तो पाटील भिंतीकडे तोंड करोन जबडा चालवीत होते. मसाजीने विचारिले, "पाटील, दाढ दुखून राहिली का?"

पाटील म्हणाले, "सुपारी हाय."

"सुपारीला आंब्याचा वास काहून येऊन राहिला?"

पाटलांनी त्यास ताकाचा भरलेला तांब्या देववोन रवाना केले. भरलेला तांब्या त्या दारातून मसाजीस पूर्वी कधी मिळाला नव्हता, यावरून त्याने जे समजावयाचे ते समजून घेतले.

अनुसयाबाईंस मात्र कोणी सांगावे लागले नाही. त्या फडक्यास सरळ गाठ मारीत, आणि संध्याकाळी येऊन पाहावे तो तेथे बैलाच्या दाव्यास मारतात तैशी गाठ. डबा दिवसेंदिवस हलका होत चालला. पार्वतीबाई संतापल्या. म्हणाल्या डबा धान्याच्या कणगीत पुरू, न्हाईतर मी भर ओसरीवर त्यांची मिशी धरते. सुनेने हात जोडून आवरिले.

"खाऊ द्या, आत्याबाई. चोरून खाऊन राहिले म्हंजी गोड लागून राहिलं."

"अन् डबा रिकामा झाल्यावर संक्रांतीला काय दाखवशीन?"

 अनुसयाबाई रोज संध्याकाळी त्या परक्या गाठीकडे पाहत, ती सोडीत, आणि आपली सरळ गाठ मारीत. डबा लपवावा तर सासऱ्यास चोर म्हटल्यासारखे, आणि न लपवावा तर झाड जाते. ऐसे चार महिने गेले.

संक्रांतीचे दुसरे दिवशी पुनमचंद शेट दोन करवतवाले घेऊन हजर जाहले. ओसरीवर गावचे चार वडीलधारे बसले. पाटील बाजेवर. पार्वतीबाईंनी सुजल्या गुडघ्याने डबा आणोन मधोमध ठेविला आणि फडके सोडिले. डब्यात एक तुकडादेखील नव्हता. बुडाशी वास होता, बाकी काही नाही.

शेटजींनी आत डोकावोन मान हलविली. त्यांचे म्हणणे, टिकले नाही म्हणोन टाकोन दिले असेल, साखरेविना फळ टिकते कोठे, तर मग माणसे बांधावर पाठवू काय. वडीलधारे पाटलांकडे पाहू लागले. पाटील छताकडे पाहू लागले. एक शब्द 'सडलं' म्हटला असता तर मिशी सलामत होती आणि झाड खोक्यांत जात होते, आणि त्या भल्या माणसाच्या ओठापर्यंत तो शब्द आला होता हे सर्वांनी पाहिले. दाराआड अनुसयाबाई चौकट धरोन उभ्या होत्या.

तेव्हा पार्वतीबाई, ज्यांनी चाळीस वर्षांत चार माणसांत तोंड उघडिले नव्हते, त्या म्हणाल्या, "सडलं असंल तर सडलं म्हना. खाल्लं असंल तर खाल्लं म्हना. पर जे म्हनसान ते पोरीकडं पाहून म्हना."

पाटलांनी दाराकडे पाहिले. तेथे चौकट धरिलेली चार बोटे तेवढी दिसत होती. ती पांढरी पडली होती.

"सडलं न्हाई," पाटील म्हणाले. "म्या खाल्लं. समदं म्याच खाल्लं." आणि डब्याकडे बोट करोन म्हणाले, "उरलं न्हाई म्हणून परवापासून डबा हुंगून राहिलो."

मसाजी पायरीवर बसला होता. त्याने हसू दाबावयास तोंडात मुंडाशाचे टोक कोंबिले. शेटजी उठले, माणसांसह तिळगूळ घेतला, आणि करवती कोऱ्या त्या कोऱ्या परत हिंगोलीस गेल्या.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. खट्ट्या उभा राहिला, आणि त्या सालापासून बोरखेडीत आखाजीस त्यावर काठी पडली नाही. युद्ध संपले, साखर पुन्हा मिळू लागली, परंतु त्या घरच्या साटात ती कोणी घातली नाही. पाटील पुढे पाच वर्षे चावडीवर बसोन सांगत की ही सगळी मसलत आपली, बायांस काय कळते, आपण बाज दिली म्हणोन साट वाळले. गावानेही ते मानिले, आणि आज त्या झाडास लहानथोर तातेरावाचा आंबा म्हणतात.

तो आंबा अनुसयाबाईंचा. इति.