करंगळीच्या आड येऊ नये

साहेबांची गाडी आता कुठल्याही क्षणी फाटकात येणार होती आणि मोठ्या बाई अडगळीच्या खोलीत कोंडल्या जाऊन आतून दार बडवीत होत्या.

मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका, पण हंगामी. साहेब आज शाळेची शिस्त बघणार, आणि ती मनास आली तर बाईंना कायम करणार. नाही आली, तर बाई पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली खडू मोजायला मोकळ्या. म्हणून त्यांनी शाळेला अशी शिस्त लावली होती, की भिंतीवरची पालसुद्धा डाव्या बाजूने आणि रांगेत जाई. खोटे वाटेल, पण त्या शाळेतल्या माश्या मधल्या सुटीपर्यंत गुणगुणत नसत.

तासाला तोंड उघडायचे नाही, हवे ते बोटांनी सांगायचे, हा बाईंचा लाडका नियम. अंगठा म्हणजे तहान, पहिले बोट म्हणजे शंका, मूठ म्हणजे पोटात दुखतेय, पंजा म्हणजे पेन्सिल मोडली. आणि करंगळी म्हणजे काय, ते सांगायला नको. सुरुवातीला एका वर्गात कोणाच्या तरी करंगळीला "थांब जरा" म्हणून अडवले गेले. पुढे फरशी पुसून होईस्तोवर तो सगळा वर्ग मैदानात बसला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या रांगेत बाईंनी बजावले, "करंगळीच्या आड कुठलाही नियम यायचा नाही! करंगळी दिसली, की आधी वाट मोकळी. बाकी सगळं मागाहून."

तर त्या सकाळी मोडके बाक नीट झाकले आहेत ना, हे पाहायला बाई अडगळीच्या खोलीत शिरल्या. नेमकी त्याच वेळी दुसरीतली भिंगरी तिथून चालली होती. एके काळी ती खरोखर भिंगरीसारखी शाळाभर फिरे आणि तोंडाचा पट्टा तिच्याही पुढे पळे. पण नियम आले आणि पोरगी पार बदलली. बाटगा जास्त कडवा म्हणतात, तसे झाले. उघडे दार दिसले की हलकेच लावायचे, हा नियम. भिंगरीने दार हलकेच लावले. बाहेरची जुनी कडी आपसूक खाली पडली.

"कोण आहे तिकडे? दार उघड!" बाई आतून ओरडल्या.

भिंगरी थबकली. "ओरडणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही," ती दाराला म्हणाली.

मग मधात बुडवून काढलेला आवाज आला, "बाळ, मी मोठ्या बाई. कडी काढतेस का जरा?"

"मुलांनी कड्यांना हात लावायचा नाही. बोट चेमटतं."

"अगं, मीच तो नियम केला ना! मीच सांगतेय, काढ!"

"नियम सगळ्यांना सारखा. तुम्हीच म्हणालात."

बाईंनी आत कपाळाला हात लावला असावा. बाकावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. "बरं, बरं. मग तुझ्या वर्गाच्या बाईंना बोलावून आण. पळत जा!"

"पळायचं नाही," असे म्हणून भिंगरी डाव्या बाजूने, हात मागे बांधून निघाली.

वर्गात दुसरीच्या बाई फळ्यावर गणित लिहीत होत्या. भिंगरी समोर जाऊन उभी राहिली. तोंड उघडायची सोय नाही, आणि मोठ्या बाई कोंडल्यात हे सांगणारे बोट कोणी नेमलेले नाही. पोरीने होती त्या बोटांत काम भागवायचे ठरवले. मोठ्या बाई सांगायला त्यांच्या कचेरीकडे पहिले बोट दाखवले, कोंडलेले दाखवायला मूठ आवळली आणि दार बडवून दाखवायला पंजा हवेत आपटला.

"मोठ्या बाईंच्या... पोटात दुखतंय... पेन्सिल..." दुसरीच्या बाईंच्या हातातला खडू गळून पडला. "अगं बाई! मोठ्या बाईंनी पेन्सिल गिळली?"

भिंगरीने विचार केला. यातले 'मोठ्या बाई' तेवढे बरोबर होते. तिने अर्धी मान हलवली.

अर्धी मान दुसरीच्या बाईंना पुरेशी होती. डब्यातले केळे हातात घेऊन त्या मोठ्या बाईंच्या कचेरीत धावल्या. घशात काही अडकले की केळे द्यावे, हे त्यांना त्यांच्या आत्याने शिकवले होते. कचेरी रिकामी! खुर्ची रिकामी! आणि तेवढ्यात दारात साहेब.

"मुख्याध्यापिका कुठायत?" साहेबांनी विचारले.

"दवाखान्यात गेल्या असाव्यात, साहेब. पेन्सिल गिळली त्यांनी."

"कोणी?"

"मोठ्या बाईंनी."

"का?"

दुसरीच्या बाईंनी पाणी पुढे केले. साहेब ते प्याले. त्यांनी पुन्हा "पण का?" असे विचारले, बाईंनी पुन्हा पेला भरला. असे बराच वेळ चालले. साहेबांना नाही म्हणता येईना आणि बाईंना थांबता येईना. शेवटी बाई दवाखान्यात फोन लावायला गेल्या, तेव्हा माठाचा तळ दिसत होता.

साहेब एकटेच बसलेले भिंगरीने पाहिले. पाहुणा आला की थेट मोठ्या बाईंकडे न्यायचा, हा नियम तर तिला झोपेतही पाठ होता. तिने नमस्कार केला आणि हाताने 'चला' अशी खूण केली. साहेब खूश झाले. पोर बोलत नाही, धावत नाही, वळणावर उभे राहून मागच्याची वाट बघते! ती त्यांना अडगळीच्या खोलीपाशी घेऊन गेली आणि कडीकडे बोट दाखवून तिने हात पुन्हा मागे बांधले.

साहेबांनी कडी काढली आणि आत डोकावले. अंधारात, एका मोडक्या बाकावर, केसांत जळमटे घेऊन मोठ्या बाई बसल्या होत्या.

"बाई! तुम्ही इथं?" साहेब आत धावले. "पेन्सिल निघाली का?"

"कसली पेन्सिल? साहेब, आधी ते दार धरा! दार!"

मागे उघडे दार दिसत होते. भिंगरीने ते हलकेच लावले.

कडी पडल्याचा आवाज ऐकून बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी मात्र दारावर मूठ हाणली. "ए पोरी! उघड! मी कोण आहे माहितीय का?"

"ओरडणाऱ्याला..." बाहेरून आवाज आला.

"...उत्तर द्यायचं नाही," बाईंनी आतून वाक्य पुरे केले. "काही उपयोग नाही, साहेब. माझंच शिकवणं आहे."

"मग आता?"

"आता घंटा होईपर्यंत बसायचं."

"बसवत नाहीये, बाई," साहेब चुळबुळत म्हणाले. त्यांचा चेहरा अंधारातही पिळवटलेला दिसला. "तुमच्या त्या मास्तरणीनं मला माठ पाजलाय."

बाई ताडकन उठल्या. "साहेब, खरंच?"

"खोटं कशाला सांगू? अहो, फार खरं!"

"मग सुटलो! खाली बसा. दाराखालच्या फटीतून करंगळी बाहेर काढा."

"मी? करंगळी?"

"माझी खोटी होईल, साहेब. इथं खोटी खूण करायची नाही, असाही नियम आहे."

ज्यांच्या सहीने बाया-मास्तर कायम होत, ते साहेब गुडघ्यांवर बसले. सोन्याची अंगठी घातलेली त्यांची करंगळी फटीतून बाहेर आली आणि काकुळतीने हलली.

ती पूर्ण हलायच्या आत कडी निघाली, दार सताड उघडले आणि भिंगरी भिंतीला पाठ लावून वाट देत उभी राहिली. साहेब डाव्या बाजूने गेले की उजव्या, हे कोणी पाहिले नाही. पळायचे नाही, हेही त्यांना कोणी सांगितले नाही.

"अगं, मग माझ्यासाठी का नाही उघडलंस?" केसांतली जळमटे काढत बाईंनी विचारले.

"तुम्ही बोट कुठं दाखवलंत?"

साहेब बऱ्याच वेळाने परतले, ते एकदम सौम्य होऊन. फोनवर दवाखान्यात मोठ्या बाईंची चौकशी करत बसलेल्या दुसरीच्या बाई केळे घेऊन धावत आल्या. ते साहेबांनीच खाल्ले. मग गाडीत बसता बसता ते म्हणाले, "बाई, तुम्हाला कायम केलं. नियम मात्र सगळे काढून टाका."

"सगळे, साहेब?"

साहेबांनी करंगळीतली अंगठी सारखी केली.

"एक राहू द्या," ते म्हणाले.