नानांच्या कपाटातली बंदूक

"माझ्या घरात शिरेल असा चोर अजून जन्माला यायचाय," असं कुलूपवाले नाना दुकानाच्या फळीवर बसून रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचे. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय हा माणसाचा विश्वास. खरी गोष्ट अशी की चोरांची सगळ्यांत जास्त धास्ती नानांनाच होती. तीस वर्षं लोकांची अडकलेली दारं उघडून दिलेला माणूस तो. कुठलं कुलूप किती सेकंदांत उघडतं हे त्यांना तोंडपाठ. असल्या माणसाला झोप लागणार कशी, तुम्हीच सांगा. त्यांच्या दुकानातलं सगळ्यांत महागडं सात लिव्हरचं कुलूप बरोबर नऊ सेकंदांत उघडायचं. गल्लीतल्या तेवीस घरांना तेच कुलूप होतं, आणि प्रत्येकाला नानांनी सांगितलं होतं, "साक्षात ब्रह्मदेव आला तरी किल्लीशिवाय उघडायचं नाही."

त्यात पेपरात बातमी आली, शहरात घरफोड्या दुप्पट. गेल्या वर्षी एक झाली होती, यंदा दोन. पण खालची ओळ वाचायचा धीर नानांना कुठला! जेवताना दोनदा उठून त्यांनी कडी पाहिली, हात धुताना खिडकी पाहिली.

"अहो, बसा की जरा," बायको म्हणाली. "कडी काय पळून जातेय?"

दुसऱ्या दिवशी नानांनी दारावर पाटी लावली. 'सावधान. या घरात बंदूक आहे.' आता नानांनी जन्मात साधी गलोल हातात धरली नव्हती, पण पाटीला कोण परवाना विचारतं?

शेजारच्या मास्तरांनी विचारलं. "नाना, खरंच आहे?"

"मग काय पाटी उगाच लावलीय?"

"एक नळीची की दोन?"

"दोन," नाना म्हणाले. बोलायचंच आहे तर एकावर कशाला थांबा.

"आणि ठेवता कुठे? घरात पोरंबाळं येतात जातात."

"कपाटात. आपलं सात लिव्हरचं कुलूप आहे त्याला."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आता आपली भिंतसुद्धा सुरक्षित झाली म्हणून त्यांनी ही गोष्ट अभिमानाने गावभर केली. आठवड्याभरात बंदुकीला दुर्बीण लागली, नानांचे आजोबा शिकारी झाले. नाना 'छे छे' म्हणायचे, पण अशा बेताने की समोरच्याची खात्रीच पटावी.

तेवढ्यात नवे फौजदार आले आणि त्यांनी दवंडी पिटल्यासारखा हुकूम काढला. विनापरवाना हत्यारं शनिवारपर्यंत ठाण्यात जमा करा, नाहीतर तुरुंग. रविवारी सकाळी जीप नानांच्या दाराशी उभी राहिली. मागोमाग अख्खी गल्ली आली.

"बंदूक आणा," फौजदार म्हणाले.

"साहेब, बंदूक नाहीये. पाटी नुसती चोरांसाठी आहे."

"अहो नाना, लाजता काय?" मास्तर मागून म्हणाले. "साहेब, दोन नळीची आहे. कपाटात."

नानांच्या तोंडचं पाणी पळालं. "तर मग कपाट उघडा," फौजदार म्हणाले. नाना किल्ली टांगायच्या खिळ्यापाशी गेले, तर किल्ली जागेवर नाही. बायको बाजारात गेलेली.

"तुम्ही कुलूपवाले ना?" फौजदार म्हणाले. "मग किल्ली कशाला हवी?"

नानांनी कुलपाकडे पाहिलं. समोर नऊ सेकंदांचं काम, आणि दारात, खिडकीत तेच कुलूप घरी असलेली तेवीस घरं टक लावून बघत उभी. उघडलं तर दुकान बसलं, नाही उघडलं तर आपण आत बसलो! तीस वर्षांची पत होती ती, दुसरं होतं काय नानांजवळ?

त्यांनी पेटी आणली. चाळीस हत्यारं एकेक करून कुलपात घातली, फिरवली, काढली. आणि कुलूप चुकून उघडू नये म्हणून जीव मुठीत धरून हात आवरत राहिले. एवढे कष्ट त्यांना कुलूप उघडताना कधी पडले नव्हते. पाऊण तास गेला.

"बघा," मास्तर लोकांना म्हणाले, "खुद्द नानांना उघडत नाही. याला म्हणतात माल."

नानांना भरून आलं. फौजदार मात्र वैतागले. "चला ठाण्यावर. कपाट तोडून बघू."

नानांनी मनाशी ठरवलं, जाऊ. दोन दिवस कोठडीत काढू, पण नाव राखू. त्यांनी सदऱ्याची बटणंसुद्धा लावली. इतक्यात भाजीची पिशवी घेऊन बायको गर्दीतून आत आली.

"काय हो, कसली गर्दी? कपाट उघडायचंय? मग उघडायचं की." तिने केसांतली पिन काढली, कुलपात घातली, मनगट जरा वळवलं. खट्. "किल्ली मागच्याच वर्षी हरवली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. रोज असंच उघडते मी."

आत चार रजया, दोन स्वेटर. बंदुकीचं नावसुद्धा नाही. फौजदारांनी 'शस्त्र आढळले नाही' असं लिहून घेतलं. नानांचा तुरुंग टळला, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. सगळे त्या पिनेकडे बघत होते. मग मास्तर वळले आणि भराभर घराकडे चालू लागले. त्यांच्या मागे दुसरा, तिसरा. पाच मिनिटांत गल्ली मोकळी झाली. नाना रजयांकडे बघत उभे राहिले. बायको वांगी निवडायला बसली.

फौजदार पायरीवर थबकले. "हवालदार, आपल्या कोठडीला कुठलं कुलूप आहे?"

हवालदाराने नानांकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "यांच्याकडचंच, साहेब. सात लिव्हरचं."

"आणि आत कोण आहे?"

"परवाचा घरफोड्या." हवालदार जरा थांबला आणि धीर देत म्हणाला, "पण काळजी नको, साहेब. त्याला टक्कल आहे."