मिलिटरी हॉटेलातला मुक्काम

महांतेशचं दौऱ्याचं बिल लाल शाईचा शेरा घेऊन परत आलं. 'कर्मचारी लष्करी निवासात राहिला. परवानगी कोणाची?'

शेरा नवे लेखाधिकारी जयसिंगराव यांचा. पुण्याहून बदलून येऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता आणि डबा ते घरून आणत. बंगलोर तेव्हा बंगलोरच होतं. भर दुपारी पंखा लागत नसे; कार्यालयात घाम यायचा तो फक्त लेखा विभागाच्या शेऱ्यांनी.

महांतेश निपाणीच्या शाखेतून चार महिन्यांच्या तात्पुरत्या कामगिरीवर आला होता. त्याचे सासरे गुरुलिंगप्पा याच कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त होऊन बनशंकरीत राहत. त्या घरात पहाटे पूजा, रात्री बातम्या संपल्या की दिवे बंद, आणि पानात अंड्याच्या आकाराचा बटाटासुद्धा संशयास्पद. जावयाने तिथेच राहायचं हे ठरलेलं होतं. महांतेशला वाचवलं ते नियमाने.

"मामा, नातेवाइकांकडं राहिलं की खोलीभाडं मिळत नाही बघा. नियम आहे."

"नियम हाय म्हटल्यावर काय बोलायचं, जावईबापू," मामा म्हणाले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना नियम दाखवले होते. त्यांना कोणी दाखवण्याची ही पहिलीच वेळ.

मग महांतेशने जयनगरात खोली घेतली. मामांना त्याने 'एक लॉज आहे' एवढंच सांगितलं. खोली होती 'नागोजीराव मिलिटरी हॉटेल'च्या माडीवर. आता बंगलोरात मिलिटरी हॉटेल म्हणजे मटणाची खानावळ, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सैन्याशी संबंध एवढाच, की गिऱ्हाइकं तुटून पडतात. नागोजीरावांच्या मागे त्यांची बायको ठकुबाई गल्ल्यावर बसे. तिचे पूर्वज कधी काळी महाराष्ट्रातून आलेले. तिची मराठी कानडीच्या रश्शात छान मुरलेली होती. महांतेश खाली उतरून काय जेवत असे, याबद्दल बिलात काही नाही.

"साहेब, इथं मिलिटरी हॉटेल म्हणजे वेगळं असतंय," त्याने जयसिंगरावांना हळूच सांगितलं.

"वेगळं म्हणजे काय?"

"म्हणजे... लॉजच की."

"मग मिलिटरी कशाला? मी पुण्यात वीस वर्षं काढली. मिलिटरी म्हटलं की मिलिटरीच. वेगळं असेल तर काय आहे ते लिहून द्या."

एका ओळीत खुलासा झाला असता. पण बिल साहेबांनी थेट त्याच्या हातात परत दिलं होतं, खुलासा मात्र फाइलीतून जाणार. आणि फाइली हलवणारे सगळे मामांच्या हाताखाली वाढलेले. कागद साहेबांकडे पोचायच्या आत मटण बनशंकरीत पोचलं असतं आणि तिथून एसटीडी फोनने निपाणीला, बायकोच्या, धनलक्ष्मीच्या कानावर.

महांतेश लिहून देईना, तसा जयसिंगरावांचा संशय बळावला. "मी उद्या जागाच पाहतो. सोबत इथला एक जबाबदार माणूस हवा. तुमचे सासरे आहेत ना? मी फोन करतो त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी महांतेश ठकुबाईपुढे हात जोडून उभा राहिला.

"अक्का, आज मटणाचं नाव काढू नका."

"अय्यो! मग विचारलं तर काय सांगू?"

"ते सोडून काय पण सांगा."

"सरी, सरी. तू स्वल्प पण काळजी करू नको."

पाटीवर चादर वाळत पडली. गल्ल्यावर अगरबत्त्यांचा जुडगा पेटला. थोड्या वेळाने त्यांनाही खिम्याचाच वास येऊ लागला. मामा कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून ऑटोतून उतरले. त्यांनी चादरीकडे पाहिलं, ठकुबाईकडे पाहिलं आणि सरळ बाकावर बसले.

जयसिंगरावांनी वही उघडली. "बाई, हे इथे कोण म्हणून राहतात?"

"कोण म्हणजे?" ठकुबाईने शब्द पाळला. "आमच्या बहिणीचा लेक की!"

साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे नातेवाईक! चला, लष्कराचा प्रश्न मिटला. नातेवाइकांकडे मुक्काम, सबब खोलीभाडं नामंजूर. आधी दिलेलं वसूल."

महांतेशच्या डोळ्यांपुढे बनशंकरीचे रात्री विझलेले दिवे उभे राहिले. तेवढ्यात मामा उठले.

"कुणाच्या बहिणीचा लेक? लग्नाआधी ह्याची समदी सोयरीक मी तपासलीया! ह्यो माझा जावई!"

"मग या बाई कोण?"

"खानावळवाल्या! आणि ह्यो गिऱ्हाईक! खिमा खायला निम्मं जयनगर येतंय इथं, साहेब. इथं जेवणारा जो तो नातेवाईक ठरला, तर मी नोकरीला लागल्यापासून..."

मामा थांबले. रस्त्यावरून एक लाल बस गेली, तिचा आवाज सगळ्यांनी लक्षपूर्वक ऐकला.

"मी वळख दाखवली नाही हं, अण्णा," ठकुबाई म्हणाली. "तुम्हीच बोललात."

महांतेश चादरीकडे पाहत राहिला. मामा रुमाल सारखा करत राहिले. शेवटी जयसिंगरावांनी वही मिटली आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "खिमा म्हणालात?"

बिल त्याच दुपारी मंजूर झालं. 'जागा समक्ष पाहिली. लष्कराशी संबंध नाही.' सहीच्या जागी कागद जरासा तेलकट झाला होता.

कामगिरी संपेपर्यंत मामा दर रविवारी पाहणीला येत राहिले. जेवण झालं की ते माडीवर जाऊन महांतेशच्या पलंगावर संध्याकाळपर्यंत घोरत, आणि महांतेश खाली बाकावर बसून खोली रिकामी व्हायची वाट पाहत असे. सासऱ्याने जावयाकडे मुक्काम केला तर भाडं कोणाचं कापायचं, हे नियमांत कुठेही दिलेलं नाही.